गिट्टीची सायकल आणि डाव्याची पोळी

सायकल घरी आणली त्या दिवशी बाबांनी ती अंगणाच्या मधोमध धरून उभं राहायला मला सांगितलं आणि तिच्याभोवती सावकाश चक्कर मारली. आमच्याकडे बाजारातून बैल आणला की ते असंच करायचे. पाय कसा टाकतो ते बघायचे, पाठीवर थाप मारायचे, शेवटी ओठ वर करून दात बघायचे. सायकलचे टायर त्यांनी अंगठ्यानं दाबले, सीटवर थाप मारली आणि मग वाकून मागच्या चाकाच्या दातेरी चकत्या न्याहाळत बसले.

"दात तं लय हायेत," ते म्हणाले. "पण शिंगं काहून अशी खाली वळवली बापा हिची?"

शिंगं म्हणजे हँडल. मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल आमच्या गावात कोणी पाहिलेलं नव्हतं. मी त्यांना सांगितलं की हिला ग्रॅव्हल बाइक म्हणतात, हिचे टायर रुंद असतात, ही खडीवर, मुरमावर, कच्च्या रस्त्यावर चालण्यासाठीच बनवलेली असते. हेही सांगितलं की त्या जातीतली ही सगळ्यात स्वस्त. त्यावर आतून बायकोचा आवाज आला, "गिट्टीवर चालते म्हणजे गिट्टीचीच सायकल म्हणा न." तेव्हापासून घरात आणि दोन दिवसांत गावभर तिचं तेच नाव झालं.

घेण्याचं कारण अगदी साधं होतं. डॉक्टरनं माझ्या रक्तात साखर शोधून काढली आणि रोज चालायला जा म्हणाला. चालायला जाणं ही मला शिक्षा वाटते. ज्याला कुठे पोचायचं नाही त्यानं हात हलवत रस्त्यानं जाणं हे मला आमच्या गावात शोभण्यासारखं वाटत नाही. लोक विचारतात, "कुठं चालले?" आणि उत्तर नसतं. सायकलवर माणूस निदान कामाला निघाल्यासारखा दिसतो. दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये मी फिटर आहे. पावसाळ्यात जिनिंग बंद असते, कापूस येईपर्यंत हाताला फारसं काम नसतं. म्हणून ही सायकल.

पानठेल्यावर माझी चांगलीच खेचली गेली. कॅरियर नाही, स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, मग विकणाऱ्यानं दिलं तरी काय, असं एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "अन् खास कच्च्या रस्त्यासाठी हाय म्हणतेस, तं आपल्याकडं दुसरा रस्ता हाय कोन्ता?" मला राग आला, पण गडी खरं बोलत होता. मी सायकल उचलली आणि गावाबाहेर पडलो.

तेव्हा मी कितीतरी वर्षांनी पांदणीत शिरलो. पांदण म्हणजे दोन शेतांच्या धुऱ्यांमधून जाणारी बैलबंडीची वाट. लहानपणी मी या वाटेवर जितके तास घालवले असतील तितके शाळेत घालवले नसतील. पुढे मोटरसायकल आली आणि पांदण सुटली. मोटरसायकलला डांबर लागतं, आणि तिच्यावर बसलं की तिच्या आवाजापलीकडे काही ऐकू येत नाही. सायकल मात्र मुरमावर आली आणि चाकाखाली तो आवाज सुरू झाला, बारीक खडे दबून बाजूला सरकतात तो. बंडीच्या लोखंडी धावेखाली हाच आवाज यायचा, फक्त जाड. वेचलेल्या कापसाच्या गाठोड्यांवर मी उताणा पडलेलो असायचो, वर बाभळी मागे जात असायच्या, आणि पुढे बसलेले बाबा बैलांशी बोलत असायचे. माणसांशी कमी बोलणारा हा माणूस बैलांशी पार गावातल्या भांडणांपर्यंत सगळं बोलायचा. मला सायकल थांबवावी लागली. डोळे भरून आले होते. मग आपण पन्नाशीला टेकलो, बाभळीखाली उभं राहून रडतो आहोत, हे ध्यानात येऊन माझा मलाच राग आला.

पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मग रोजच. संध्याकाळी परत आलो की बाबा ओसरीवर वाट बघत असायचे. गुडघे गेल्यापासून त्यांचं जग ओसरीपासून हातपंपापर्यंत आलं होतं. कुठून कुठे गेलो ते त्यांना क्रमानं सांगावं लागायचं. कोणाची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, कशी आहे, कोणाच्या तुरीत पाणी साचलं, नाल्याच्या काठचं ते मोहाचं झाड आहे का गेलं. एखादं शेत मी सांगायला विसरलो की ते पकडायचे, "मधात मोठ्या विहिरीचं वावर राह्यलं न." कधी कधी मला वाटायचं की सायकल मी चालवतो आहे, पण फिरून तेच येतात. माझ्यात आणि त्यांच्यात इतकं बोलणं आयुष्यात कधी झालं नव्हतं. आणि सगळं सांगून झालं की शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा.

"डोंगरापल्याड गेलतास का?"

डोंगरापलीकडे डावा होता.

आमची शेवटची जोडी होती त्यातला डावीकडे जुंपायचा तो डावा आणि उजवीकडचा तो उजवा. बाबांनी त्यांना दुसरी नावं दिली नाहीत. उजवा एका उन्हाळ्यात पोटफुगीनं गेला. एकटा बैल कामाचा नसतो, आणि बाबांच्या गुडघ्यांनी तेव्हाच हात टेकले होते. शेत मक्त्यानं दिलं, मक्तेदाराचा ट्रॅक्टर होता. डाव्याला बाजारात उभं करायला बाबा तयार होईनात. शेवटी डोंगरापलीकडच्या गावातल्या एका चाचांकडे तो दिला. त्यांची थोडी कोरडवाहू शेती होती आणि त्यांच्याकडेही एकच बैल उरला होता, उजवीकडे चालणारा. देताना बाबांनी चाचांना एवढंच सांगितलं, "डावीकडंच जुपजा त्याले." चाचा म्हणाले, "काकाजी, फिकर नका करू." आणि बाबा घरात निघून गेले. बैल अंगणातून बाहेर पडताना ते बघायला आले नाहीत.

त्या वर्षीच्या पोळ्याला बाबा जेवले नाहीत. आम्हाला वाटलं, मन लागत नसेल. दाराशी बैल नाही त्या घराला पोळा कसला, गावात सगळी बैलं सजून तोरणाखाली जातात आणि आपण घरात बसतो, कोणालाही घास कडू लागेल. आम्ही आग्रह केला, ते भिंतीकडे तोंड करून झोपले. पुढच्या वर्षीही तेच. फक्त तोपर्यंत त्यांना साखरेची गोळी सुरू झाली होती. सकाळी गोळी घेतली, दिवसभर अन्नाचा कण नाही, आणि दुपारी ओसरीवरून उठताना ते सरळ खाली पडले. कपाळ फुटलं. दिग्रसला नेऊन सलाइन लावावं लागलं. डॉक्टर माझ्यावरच ओरडला, म्हातारा माणूस उपाशी ठेवता, पुन्हा असं झालं तर उठणार नाही तो.

कारण माझ्या बायकोनं काढलं. या वर्षी पोळा आठवड्यावर आला तेव्हा तिनं त्यांच्यासमोर बसून सरळच विचारलं, "मामाजी, तुम्ही पोळ्याले जेवत काहून नाई?"

बाबांनी तिच्याकडे असं पाहिलं की हेही विचारायची गोष्ट आहे का. "बैलाच्या आंधी कसा जेवू बाई?"

मग आमच्या डोक्यात उजेड पडला. पोळ्याला पुरणपोळीचा पहिला घास बैलाचा, त्यानं खाल्ल्यावर घरधन्यानं जेवायचं. हे सगळ्याच घरांत असतं. पण बैल देऊन टाकला की हा नियमही त्याच्याबरोबर गेला असं आम्ही धरून चाललो होतो. बाबांच्या हिशेबी तसं नव्हतं. बैल डोंगरापलीकडे उभा होता, तो जेवला की नाही हे त्यांना कळत नव्हतं, म्हणून ते थांबले होते. आणि असे ते किती पोळे थांबतील आणि कुठल्या पोळ्याला पडतील ते कोणी सांगावं?

"गोळीच नको देऊ त्या दिवशी," मी म्हणालो.

"गोळी न देता बी उपाशीच राहतीन न ते," बायको म्हणाली. "तुम्ही त्या गिट्टीच्या सायकलीवर रोज गावंभर फिरता. त्या दिवशी पोळी घेऊन जा डाव्याकडं. त्यानं खाल्ली की मामाजी जेवतीन."

इतकं सोपं होतं ते, आणि माझ्या टाळक्यात आलं नव्हतं. बाबांना सांगितलं, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी मला डोंगरावरच्या वाटेचं एकेक वळण समजावून दिलं.

पोळ्याच्या आधी पाऊस लागून राहिला. चाचांच्या गावाला जाणाऱ्या रस्त्यावरचा रपटा, म्हणजे नाल्यावरचा ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला आणि त्या बाजूची एसटी बंद झाली. आता उरली डोंगरावरची जुनी बंडीवाट. जंगलाच्या हद्दीवर तिला आडवा खोल चर खणलेला आहे, तिथून मोटरसायकल जात नाही. सायकल मात्र खांद्यावर घेऊन उतरता येते. पानठेल्यावरच्या मंडळींना हे आवर्जून सांगून आलो.

आदल्या संध्याकाळी बैलांची खांद शेकायची असते. वर्षभर जू वाहून दुखावलेल्या खांद्याला लोणी-हळद चोळायची, पळसाच्या पानांनी शेकायचं आणि बैलाला सांगायचं की आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. मी बाहेरून आलो तर बाबा अंगणात पाटावर बसलेले, समोर भिंतीला टेकवलेली सायकल आणि हातात लोणी-हळदीची वाटी. हँडलच्या दोन्ही वाकांना त्यांनी चोळून चोळून पिवळं केलं होतं.

"उद्या डोंगर चढून जानार हाय ते," ते म्हणाले. "त्याची खांद शेकून राह्यलो."

बायको पदर तोंडाला लावून हसत होती. मीही हसलो. कितीतरी दिवसांनी त्यांना हाताला काम मिळालं होतं, आणि त्यांचा चेहरा असा दिसत होता की मी त्या लोण्यात सायकल बुडवू दिली असती. ते शेकणं संपेपर्यंत मी तिथे थांबलो मात्र नाही. थांबायला हवं होतं.

सकाळी बायकोनं पहाटेच उठून पुरण घातलं. केळीच्या पानात पोळ्या, वरून फडकं, त्यावर प्लॅस्टिकची पिशवी, असं सगळं माझ्या पाठीवरच्या बॅगेत गेलं. बाबांनी गोळी घेतली नव्हती. बायकोनं ती वाटीखाली झाकून ठेवली होती, फोन आला की जेवणाबरोबर द्यायची म्हणून. बाबा अंघोळ करून, धुतलेलं धोतर नेसून ओसरीवर बसले होते.

"सावकाश जाजो," ते म्हणाले. "पन उशीर नको करू. तोरनाखाली नेल्यावर मंग कोन थांबते."

चढ चांगला गेला. पावसानं मुरूम दबून बसला होता, टायर त्याला धरून चालत होते. या स्वस्त सायकलला गिअर थोडे आहेत, पण सगळ्यात हलका गिअर टाकला की ती खाली मान घालून चढते, कुरकुरत नाही. चर आला तिथे सायकल खांद्यावर घेतली, उतरलो, चढलो. सागाच्या पानांवरून पाणी गळत होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा खाली चाचांचं गाव दिसलं, नाल्याच्या पलीकडे, कौलांवर धूर. मी खुशीत सायकल उतारावर सोडली आणि पहिल्या वळणाआधी ब्रेक दाबले.

काहीच झालं नाही. ब्रेकचे दांडे अगदी हँडलला टेकले, आणि सायकल होती त्याहून जोरात पळायला लागली. पाय घासले, बूट घसरले. वळण समोर आलं तेव्हा वळण्याचा नाद सोडून मी तिला सरळ करवंदीच्या जाळीत घातलं. पडताना बॅगेवर पडायचं नाही एवढंच भान राहिलं. कोपर सोललं, शर्ट फाटला, तोंडात पाला गेला.

उठून चाक बघितलं. या सायकलचे ब्रेक चाकाच्या मध्यावर असलेल्या लोखंडी चकतीला धरतात. ती चकती हळदीसारखी पिवळी होती आणि तिला लोण्याचा वास येत होता. दोन्ही चाकांना. पावसात भिजले की हे ब्रेक बोंबलायचे, आणि बाबा नेहमी म्हणायचे, "ते वरडून राह्यलं, त्याले वंगन देत जा." बंडीच्या आसाला आयुष्यभर वंगण घातलेला माणूस. लोखंड लोखंडावर घासतं आणि ओरडतं, म्हणजे ते दुखतं, हा त्यांचा सरळ हिशेब. खांद शेकता शेकता त्यांनी तेही दुखणं शेकून टाकलं होतं. पुढे दिग्रसच्या सायकल मिस्त्रीनं ब्रेकचे ते पॅड फेकून दिले आणि ही गोष्ट येईल त्या गिऱ्हाइकाला सांगितली. पण त्या वेळी मला हसू आलं नाही. मी त्या जंगलात एकटाच उभा राहून माझ्या बापाला मोठ्यानं शिव्या दिल्या. मग त्यांना धुतलेल्या धोतरात ओसरीवर बसलेलं आठवलं आणि शिव्या बंद झाल्या.

उरलेला उतार मी सायकल हातात धरून पळत उतरलो. खाली गावात ढोल वाजायला लागला होता. तोरण बांधलं असणार, बैलं निघत असणार. नाल्यात मांडीभर गढूळ पाणी होतं. सायकल पुन्हा खांद्यावर घेतली, बॅग गळ्यात घेतली आणि पलीकडे गेलो.

चाचांचा गोठा गावाच्या कडेलाच होता. दोन्ही बैल बाहेर काढून झाले होते. डाव्याच्या शिंगांना हिरवा रंग, पाठीवर झूल. तो म्हातारा झाला होता. पाठीचा कणा वर आला होता, डोळ्यांभोवतीचे केस पांढरे झाले होते. चाचांच्या हातात कासरा होता आणि चाची ताटात शेजाऱ्यांकडून आलेली पुरणपोळी घेऊन उभ्या होत्या. माझा अवतार बघून दोघंही थबकले.

"या अल्ला," चाचा म्हणाले, "हे काय झालं? काकाजी बरे हायेत न?"

मी धापा टाकत सांगितलं. बाबा जेवत नाहीत, दरवर्षी, मागच्या वर्षी पडले, आता ओसरीवर बसून आहेत. चाचा ऐकत राहिले. मग त्यांनी चाचींच्या हातातलं ताट घेऊन गोठ्याच्या भिंतीवर ठेवलं.

"हे मंग," ते म्हणाले. "आंधी घरची. आम्हाले सांगाचं न बापा, आम्ही आलो असतो गेल्या साली."

मी बॅग उघडली. पोळ्या जरा दबल्या होत्या, पण कोरड्या होत्या. एक हातावर घेऊन डाव्यासमोर धरली. त्यानं हुंगली. माझा हात हुंगला, शर्टाची फाटलेली बाही हुंगली, तिथे तो बराच वेळ थांबला. मला ओळखलं की नाही ते मला सांगता येणार नाही, आणि उगाच सांगणारही नाही. मग त्यानं ती खरखरीत जीभ काढून पोळी ओढून घेतली आणि डोळे मिटून चावायला लागला. चाची तोंड फिरवून चुलीकडे गेल्या.

"फोन लावा," चाचा म्हणाले. "त्या लिंबाखाली टावर येते. बैल बी तिकडंच घेतो."

लिंबाखाली दोनदा कटून तिसऱ्यांदा फोन लागला. बायकोनं उचलला. मी म्हणालो, खाल्ली, दोन खाल्ल्या, सांग त्यांना. तिकडे काहीतरी बोलणं झालं. मग ती म्हणाली, "त्यायले तुमच्याशी नाई बोलाचं. डाव्याच्या कानाले लावा म्हणतात."

मी फोन त्याच्या कानाशी धरला. कान दोनदा झटकला त्यानं, मग स्थिर ठेवला. बाबांचा आवाज नुसता गुणगुणल्यासारखा येत होता, शब्द कळत नव्हते. ढोल जवळ आला होता, गल्लीतली बैलं पुढे निघाली होती. चाचांनी कासरा सैल सोडला आणि ते घाई न करता उभे राहिले. मग डाव्यानं नाकातून एक मोठा उसासा सोडला, फुर्रर्र, माझा सगळा हात ओला झाला. पलीकडून फोन बंद झाला.

बाबा काय बोलले ते मला संध्याकाळी घरी आल्यावर बायकोनं सांगितलं. आधी त्याची ख्यालीखुशाली विचारली, खांद दुखते का विचारलं, उजव्याबद्दल काहीतरी हळू आवाजात बोलले, ते तिला ऐकू आलं नाही. ताट त्यांच्यासमोर वाढून ठेवलेलं होतं.

"जेवला न तू पोटभर?" त्यांनी त्याला विचारलं. "मंग मी जेवू का आता?"

फोनमधून तो उसासा आला. बाबा म्हणाले, "हो, हो," आणि त्यांनी पोळी मोडली.